सावित्री दोन्ही बाजूंनी

भिलाईला आलो तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि मत एकही नव्हतं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात मतं मोठ्या काकांकडे असत, बाकीच्यांनी मान डोलवायची. इथं मला ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसरची नोकरी लागली. इंजिनियरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्याच रेषा शाईनं ओढायच्या, पदरची एकही रेष घालायची नाही. हे काम मला फार चांगलं जमायचं.

कारखाना अजून उभा राहत होता. आमच्या सेक्टरमध्ये क्वार्टरं झाली होती, रस्ते व्हायचे होते. मराठी मंडळ मात्र रस्त्यांच्या आधी तयार झालं आणि त्यानं गणपतीत वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय होता घटस्फोटाचा कायदा, शाप की वरदान. कायदा तसा नवाच होता, आणि आमच्या क्वार्टरांच्या ओळीत त्याची कोणालाच गरज नव्हती, त्यामुळे त्यावर बोलायला सगळे मोकळे होते.

अध्यक्ष म्हणजे आमच्या सेक्शनचे साहेब. रोज पूजा करून ऑफिसात यायचे. त्यांचं मत कपाळावर गंधानं लिहिलेलंच होतं. मी कायद्याच्या विरोधात नाव दिलं. सावित्री यमाच्या मागे चालत गेली, वकिलाकडे गेली नाही, असं मी म्हणालो तेव्हा बायकांच्या बाजूनंही टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस, पितळी तांब्या, साहेबांच्या हातून मिळालं.

पुढल्या वर्षी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांच्या बाईंचं हे दुसरं लग्न आहे, ही बातमी त्यांच्या सामानाच्या आधी भिलाईत पोचली. मंडळाला अध्यक्ष नवा मिळाला, विषय मात्र नवा सुचला नाही. या खेपेस मी कायद्याच्या बाजूनं नाव दिलं. बाप नको म्हणत असताना सावित्रीनं आपला नवरा आपण निवडला, मग तिच्या लेकींना निवडीचा हक्क का नको, असं विचारलं. टाळ्या त्याच बायकांनी वाजवल्या. बक्षीस पुन्हा मलाच.

माझी बायको चौथीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी. दोन्ही वर्षी ती समोरच्या सतरंजीवर बसून ऐकत होती. घरी येताना चिखलातून वाट काढत तिनं विचारलं, "तुमचं सोताचं मत काय हाय?"

मी म्हणालो, "कशाबद्दल?"



आमच्या ओळीतल्या चार घरची भांडी एक छत्तीसगढी बाई घासायची. कारखान्याच्या बांधकामावर ती रेजा होती, डोक्यावरून विटा आणि रेती वाहायची. कामावर जायच्या आधी जवळच्या सुपेला वस्तीतून पायी येऊन आमची भांडी उरकायची. कधी तिचा डोळा सुजलेला असायचा, कधी दंडावर वळ. विचारलं तर पडले म्हणायची. ओळीनं त्यावर कधी चर्चा केली नाही. भांडी स्वच्छ निघत होती.

त्या दिवाळीनंतर ती हातभर नव्या बांगड्या घालून आली. नवऱ्याला सोडून तिनं बांधकामावरच्या एका मिस्त्रीच्या नावाच्या बांगड्या गावातल्या जाणत्यांसमोर भरल्या होत्या. तिच्या समाजात एवढं केलं की दुसरं लग्न लागलं. ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची होती, दिल्लीच्या कायद्यासाठी कोणी थांबलेलं नव्हतं.

ओळ पेटली. रविवारी आमच्याच अंगणात सहा-सात बायका आणि दोन-तीन पुरुष जमले. घरात वाढत्या मुली आहेत, अशा बाईचं पाऊल उंबऱ्यात नको, असं ठरत आलं. तेवढ्यात कोणालातरी आठवलं की या विषयात दोनदा पहिला आलेला माणूस इथंच बसला आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, प्रश्न गुंतागुंतीचा आहे. दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा, आणि मी तर तो केलेलाच आहे. तेव्हा आधी एक लहानशी कमिटी नेमावी.

ती नळापाशी आमचीच भांडी घासत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मारत रहिस, त छोड़ देंव. एमा भासन के का काम हे, बाबू?" मारायचा म्हणून सोडला, यात भाषणाचं काय काम.

माझी बायको स्वयंपाकघरातून दारात आली. "आमच्या घरी येईन ती," ती म्हणाली. "बाकीच्यायनं आपापलं पाहावं."

बाकीच्या तीन घरच्या बायकांनी तिचं काम बंद केलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवातून माझ्या बायकोलाही वगळलं. मी दोन दिवस बायकोवर धुसफुसत होतो. नीतीचा प्रश्न नव्हता. साहेबांना काय वाटेल, ही काळजी होती. खरं तर या साहेबांना बरंच वाटलं असतं, पण त्यांच्या बदलीची कुजबुज सुरू झाली होती.

मग एका संध्याकाळी भांडीवालीचा पहिला नवरा दारात आला. धुतलेला सदरा, सोबत गावचा एक म्हातारा. बोलणं अगदी नम्र. तुम्ही शिकलेले आहात, ती तुमच्या घरचं ऐकते, समजावून परत पाठवा, असं हात जोडून म्हणाला. मी त्याला बसायला स्टूल दिलं. माणूस मला समजूतदार वाटू लागला. हात जोडणारा कोणीही मला समजूतदारच वाटायचा.

ती आत माझ्या बायकोसोबत तांदूळ पाखडत होती. त्याचा आवाज ऐकून तिचा सुपावरचा हात थांबला. बांगड्यांचा हात तिनं हळूच पदराखाली घेतला. वर्षभर तिचा सुजलेला डोळा माझ्या समोर होता, तो मी कधी पाहिला नव्हता. हा हात मात्र मला दिसला.

कोणत्या बाजूनं बोलावं हे सांगणारं आसपास कोणी नव्हतं. शेवटी मोडक्या हिंदीत म्हणालो, "मैं नहीं समझाऊंगा. तुम मारते थे. हम लोग रोज देखते थे."

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मलाच लाज वाटली, कारण त्यात आरोपी तो एकटा नव्हता. मग म्हाताऱ्यानं त्याला कोपराला धरून नेलं. आत सूप पुन्हा वाजू लागलं.

थंडीत राखेनं भांडी घासून ओळीतल्या बायकांचे हात भेगाळले. फाल्गुन लागायच्या आत, अंगणात सगळ्यांत मोठ्यानं बोललेली बाई आमच्या मागच्या दारी आली. भांडीवालीला सकाळी तासभर मोकळा आहे का, असं हळू आवाजात विचारू लागली. माझी बायको म्हणाली, तिलाच विचारा. तिनं दोन घरं पुन्हा धरली, तिसऱ्याला नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही, आणि त्यावर बैठकही भरली नाही.

पुढं मिस्त्रीचं काम टिकलं तशी ती दोघं खुर्सीपारला राहायला गेली. तो पगाराच्या दिवशी प्यायचा, पण हात उचलत नाही, असं तिनं माझ्या बायकोला सांगितलं होतं. निरोप घ्यायला आली तेव्हा बायकोनं तिला एक लुगडं दिलं. ती गेल्यावर मी बायकोला विचारलं, त्या रविवारी सगळ्यांसमोर बोलताना तुला भीती नाही वाटली का.

"लय भेव लागलं होतं," ती म्हणाली. "पण तुमी कमिटी म्हणालात, मंग मले बोलाच लागलं."