फुआतिनोबाईंनी कानांवर हात ठेवले

वर्गात फुआतिनोबाई म्हणजे वाघीण. सवाई बेटावरच्या आमच्या शाळेत पाचवीला हक्क शिकवायच्या तेव्हा वर्ग दणाणून जायचा.

"स्वच्छ पाणी हा कुणाचा हक्क?"

"आमचा!"

"तो कुणी मारला तर बोलायची जबाबदारी कुणाची?"

"आमची!"

"उभ्यानं बोलायचं?"

"नाही बाई! मांडी घालून, आधी माफी मागून!"

बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढे उभं राहून बोलणं म्हणजे आमच्याकडे महापाप.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. शाळेची टाकी तळाला गेली आणि पास्टरसाहेबांची गाडी मात्र रोज त्याच पाण्यानं न्हात होती. गावाला दिसत होतं. पण बोलणार कोण?

रविवारी प्रार्थनेनंतर पास्टरांकडे गावची थोर मंडळी जेवायला बसली, त्यांत बाईही. पाचवीतली लोसा पंख्यानं माश्या वारत होती. तिनं पंखा खाली ठेवला, मांडी घातली, माफी मागितली आणि म्हणाली, "पास्टरसाहेब, टाकीतलं पाणी आम्हाला प्यायला लागतं. गाडी ओढ्यावर धुवाल का?"

हातातले घास हातातच राहिले.

"हे कुणी शिकवलं गं तुला?" पास्टरांनी विचारलं.

"फुआतिनोबाईंनी."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. अहो, एक 'हो' तर म्हणायचं होतं! पण वाघिणीची पार शेळी झाली. "मी? छे हो! मी असलं शिकवेन का? पोरगी मनचंच बोलतेय."

दुसऱ्या दिवशी पहाटे लोसाचे तोफाआजोबा पास्टरांच्या अंगणात गुडघे टेकून बसले. डोक्यावरून घरातली सगळ्यात भारी चटई पांघरलेली. यजमानानं येऊन ती उचलली तरच माफी मिळाली म्हणायचं. खूनखराबा झाला की लोक असे बसतात हो! आणि इथं म्हातारा नातीच्या एका वाक्यापायी बसला होता. बाई कुंपणाशी उभ्या होत्या. त्या चटईखाली आपण असायला हवं, हे त्यांना कळत होतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय काही उचलला नाही.

ऊन चढल्यावर पास्टरांनी चटई उचलली, म्हाताऱ्याला कोको पाजला. गाव म्हणालं, मिटलं एकदाचं.

कसलं मिटलं! मंगळवारी लोसा वर्गात बाईंसमोर मांडी घालून बसली. "बाई, मी उगाच तुमचं नाव घेतलं. तुम्ही तसं शिकवलंच नसेल. माझ्याच मनातलं असेल ते. माफ करा."

खरं सांगायला बाईंनी तोंड उघडलं. सगळा वर्ग कान देऊन होता.

"बरं. पुन्हा असं करू नकोस," एवढंच बाहेर पडलं.

"हो बाई," लोसा म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.