हरणाची नाणी, पानाची नाणी

पेण ठाण्याला असताना हाताळलेलं एक प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. खून नाही, दरोडा नाही; वर्तमानपत्रात त्याची एक ओळही छापून आली नव्हती. पण एका नव्या सुनेवर चोरीचा आळ आला होता. तो खरा ठरता तर तिचं सासर सुटलं असतंच, माहेरच्या गावातही तिला मान वर करून फिरता आलं नसतं.

गणपती तोंडावर आले होते. त्या दिवसांत पेणच्या पोलिसाला जेवायची शुद्ध नसते. कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडतात, टेम्पोंनी रस्ते तुंबतात आणि अर्धं ठाणं बंदोबस्ताला जातं. अशा गडबडीत एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. मूळचे गडबचे, उमर बोटीवरच्या नोकरीत घालवलेली, निवृत्त झाल्यावर पेणला घर बांधून राहिलेले. बंदराबंदरातून सोन्याची नाणी जमवायचा त्यांना शौक. त्यातली काही नाणी त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्याला दाखवायला नेली, तर त्याने वजन करून ती परत केली. पितळ निघालं, वर सोन्याचा मुलामा.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"संशय कसला साहेब, सरळ हाय. घरात सून आली नि सोनं गेलं. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कपाटाच्या किल्ल्या सुनेकडेच असतात."

हे त्यांनी ठाण्यात येण्याआधी सगळ्या आळीत सांगून झालं होतं. घरातली बाब म्हणून मी अर्ज चौकशीवर घेतला, डायरीला नोंद करवली आणि सुनेला दिवसाउजेडी, महिला कॉन्स्टेबलसमोर बोलावलं. ती रोह्याकडची, लग्नाला अजून वर्ष झालेलं नव्हतं. रडली नाही. "मी कपाट उघडते ते चादरी काढायला. ती नाणी मी डोळ्यांनी पण बघितली नाय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. सुनेच्या भावाने रोह्यात नवी मोटारसायकल घेतली, पैसे कुठून आले बघा. अशा खबरा आल्या की नवा फौजदार धावत सुटतो. मी हवालदाराला पाठवलं. गाडी हप्त्यावर होती आणि हप्ता भावाच्या पगारातून कापला जात होता. गावात कोणी नवी गाडी घेतली की पोलिसांना फोन करणारे हात शिवशिवतातच. ती खबर मी तिथेच सोडली.

मला सोन्यातलं कळतं ते बायकोच्या बांगड्यांपुरतं. म्हणून त्या गृहस्थांना पेटी घेऊन बोलावलं आणि सरळ म्हटलं, मला शिकवा. माणूस खुलला. सुनेचं नाव निघालं की कपाळाला आठी, नाण्यांचं निघालं की चेहरा लग्नघरातल्यासारखा.

पेटीत दोन जाती होत्या. एकावर हरीण, ते दक्षिण आफ्रिकेचं. दुसऱ्यावर झाडाचं पान, ते कॅनडाचं. "दोन्हीत चोख सोनं सारखंच," ते सांगू लागले. "पण हरणाचं बावीस कॅरेटचं. तांबं असतं म्हणून लालसर, टणक नि वजनाला जास्त. हाताळलं तरी बिघडत नाय. पानाचं चोवीस कॅरेटचं, एकदम मऊ, टेबलावर घासलं तरी ओरखडा येतो."

"मग घ्यावं कुठलं?"

"नुसते पैसे गुंतवायचे तर ज्याला सोन्याच्या भावावर जादा पैसे कमी पडतात ते घ्यावं, साल बघत बसू नये. शौक असेल तर साल बघायचं, कोरेपणा बघायचा. माझ्याकडं गिन्या पण होत्या, त्या बायकोनं माळेत ओवल्या. कडी लागली की शौकिनाच्या लेखी नाणं मेलं."

मी एक नकली हरीण उचलून खिडकीशी नेलं. हरणाच्या पायांमध्ये, अक्षरांच्या खाचांत लाल काहीतरी बसलं होतं. भिंग मागवलं. कुंकू होतं.

त्यांनी कपाळावर हात मारला. "ही बाई ऐकते कुठं! लक्ष्मीपूजनाला सगळी डबीतून काढून चौरंगावर मांडते. मी म्हणतो, कुंकू लावू नको, किंमत जाते. तर म्हणते, लक्ष्मीला डबीत कोंडून पूजतात काय? नंतर पुसताही येत नाय, पुसलं की चरे पडतात. तशीच ठेवतो."

"दिवाळीशिवाय कधी बाहेर काढता?"

"नाय. वर्षातून तेवढंच."

"आणि मुलाचं लग्न?"

"माघात." एवढं बोलून ते थांबले. त्यांच्याही ध्यानात आलं असावं. गेल्या दिवाळीला चौरंगावर पूजा झाली ती या पितळेची. म्हणजे अदलाबदल त्याआधीची, आणि तेव्हा सुनेने या घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता.

सून सुटली, पण चोर राहिला. मी पेटीकडे बघत बसलो. पानाची नाणी सगळी खरी होती, एकालाही हात लागलेला नव्हता. पैशासाठी आलेला चोर चोवीस कॅरेट सोडून बावीस का उचलेल? मग लक्षात आलं की बावीस कॅरेटचा दागिना थेट घडतो, वेगळं तांबं मिसळावं लागत नाही. नेणाऱ्याला विकायचं नव्हतं, घडवायचं होतं. माघात लग्न होतं ते एकाच माणसाचं.

महिला कॉन्स्टेबलने सुनेला लग्नातले दागिने विचारले. सासरकडून एक हार होता, नवऱ्याने रोह्यात घडवून घेतलेला. नवरा तिकडेच कंपनीत शिफ्टला जायचा. आम्ही पॅसेंजरने रोहा गाठलं. सोनार आढेवेढे न घेता बोलला, "वितळवताना जिवावर आलं साहेब. मी म्हटलं, असंच ठेव, शौकीन लोक जास्त देतील. पण त्याला हार तारखेच्या आत पाहिजे होता."

मुलाला मी शिफ्टनंतर बोलावलं. चहा मागवला, आवाज चढवला नाही. दमदाटीने सराईत बोलतो. घरातल्या माणसाला फक्त वेळ द्यावा लागतो. सोनाराचं नाव घेताच त्याने मान खाली घातली.

"सोयरीक ठरवताना बाबांनीच शब्द दिला होता, मुलीला हार घालू. नंतर म्हणाले, नाणी मोडणार नाय. मी तिच्या घरी काय तोंड दाखवणार होतो? नकली नाणी ऑनलाइन मागवली."

"आणि बायकोवर आळ आला तेव्हा?"

"वाटलं, पुरावा काय मिळणार नाय. मिटेल आपोआप."

दुसऱ्या दिवशी तिघांना समोरासमोर बसवलं. सगळं ऐकून सासऱ्यांनी अर्ज मागे घेतो म्हणून सांगितलं. सुनेने गळ्यातला हार काढून माझ्या टेबलावर ठेवला. मंगळसूत्र तसंच राहू दिलं. सासरे म्हणाले, "असू दे गो, तुझाच हाय तो."

"नको बाबा. तुम्ही मला आळीत चोर म्हणालात ना, आता मी चोर नाय हे पण तिथंच सांगा. इथं साहेबांसमोर नको." मग ती नवऱ्याकडे वळली. "चोरी केलीत ती माझ्यासाठी केलीत, असं म्हणाल. गप्प बसलात ते कोणासाठी?"

त्याने टेबलावरचा हार उचलून तिच्यापुढे धरला. ती तशीच उठली आणि रोह्याच्या गाडीला गेली.

पुढचं मला हवालदाराने सांगितलं. म्हातारा स्वतः जाऊन तिला घेऊन आला. गडबच्या मूळ घरी गणपतीच्या आरतीला भावकी आणि पेणची आळी जमली होती. आरती संपल्यावर त्याने सगळ्यांसमोर हात जोडले आणि सांगितलं, "माझी सून चोर नाय. मी खोटं बोललो." कठीण माणूस, पण ते त्याने केलं. ऐकून मला त्याच्याबद्दल खराच आदर वाटला.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. पोलीस फार तर "संशयिताविरुद्ध पुरावा नाही" असं लिहून देतात; त्या कागदाने आळ उतरत नाही. ज्याने घातला त्याने चारचौघांत तो उतरवावा लागतो.

हार अजून सासूच्या कपाटात आहे, असं ऐकतो. सून त्याच घरात नांदते आणि किल्ल्याही तिच्याच कमरेला असतात. नवऱ्याने तो हार गळ्यात घालायची तिला कितीदा तरी गळ घातली. ती दरवेळी म्हणते, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.