पेशीतला निळा उजेड

जानेवारीचा दुसरा रविवार, दुपार. जुना जालना, धान्याच्या दुकानामागचं गोदाम. हजर: मी, माझी मैत्रीण, तिचे थोरले भाऊ म्हणजे भाईजान (दुकान त्यांचंच), भाभी. आम्ही दोघी एकाच ठिकाणी हजर असं लिहायची वेळ दहा-बारा वर्षांनी आली.

बदनापूरहून निघताना पिशवी दोनदा तपासली. काचेची छोटी बाटली, तिच्यात चिमूटभर पूड, भोवती फॉइल, फॉइलभोवती बर्फ. मी शिकवते त्या कॉलेजातलं थोडं इथेनॉल. दोन ड्रॉपर. पादेलोण वाटेत घेतलं, घरातलं संपलं होतं. आणि धपाटे, कारण फोनवर तिनं प्रयोगाआधी त्यांचीच चौकशी केली होती.

ती पूड तिनं बनवलेली. आम्ही दोघी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत होतो. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये माझ्या मागून आवाज आला, "थांब ना जरा, खाऊन राह्यले." मी वळून विचारलं, "जालना का?"

"जुना जालना," ती म्हणाली. "तू?"

"बदनापूर."

"मंग बस इथं, पाटलीणबाई." ते नाव मला तेव्हापासून चिकटलं. मी तिला आपा म्हणायचे. ती माझ्याहून वर्षानं मोठी, आणि त्या एका वर्षाचा रुबाब पुरेपूर वसूल करणारी.

आमचं काम हायड्रोजन सल्फाइडवर होतं. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू. बंद गटारात तो माणसाचा जीव घेतो, पण आपल्या पेशी तोच वायू अगदी किंचित प्रमाणात स्वतः बनवतात आणि वापरतात. जिवंत पेशीत तो आहे की नाही, कुठे आहे, हे डोळ्यांना दिसावं म्हणून एक खास रेणू लागतो. त्याला प्रोब म्हणतात. एरवी तो अंधारा. हा वायू भेटला की बदलतो, आणि मग जांभळा उजेड टाकला तर निळा चमकतो. रेणू ती बनवायची, पेशी मी वाढवायची.

या रेणूला उजेड सोसत नाही. उजेड लागला की वायू नसतानाही फुटतो आणि उगाच चमकायला लागतो. म्हणून बाटलीला फॉइल. पहिल्या प्रयोगात आमच्या सगळ्याच पेशी चमकल्या, वायू दिलेल्या आणि न दिलेल्याही. म्हणजे प्रयोग वाया. आमचे मार्गदर्शक सर आठवडाभर आमच्याशी धड बोलले नाहीत. आम्ही पाणी बदललं, भांडी बदलली, एकमेकींवर चिडलो. शेवटी तिनं बाटलीचं फॉइल सोडलं आणि दिव्यासमोर धरलं. त्यात बारीक बारीक भोकं. ते आमच्या डब्यातल्या धपाट्यांचं फॉइल होतं. चांगलं फॉइल टाकवेना, म्हणून दोघींनी ते धुऊन, तळहातानं सरळ करून कामाला लावलं होतं. हसता हसता ती खाली बसली. तेव्हापासून नियम झाला: कुठलंही फॉइल गुंडाळायच्या आधी दिव्यासमोर धरायचं.

तिनं पूड नव्यानं बनवली आणि त्याच आठवड्यात घरून फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं. "पंधरा दिवसात येते, तोवर पेशी जगव," म्हणून गेली. नवरा रियाधला नोकरीला. तीही तिकडे गेली, शाळेत शिकवायला लागली.

प्रयोग मी एकटीनं केला. वायू न दिलेल्या पेशी काळ्या राहिल्या. दुसऱ्या हळूहळू उजळल्या. निळ्या, कडेला मऊ, मधे केंद्रकाची गडद जागा. मी शेजारच्या खुर्चीकडे वळून "आपा, बघ" म्हणूनसुद्धा गेले. नंतर तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. पण हा तर फोटो झाला. हलून राह्यल्या का गं त्या?"

स्वतः बनवलेला रेणू जिवंत पेशीत उजळताना तिनं आजपर्यंत पाहिलेला नाही. हे काम माझ्या डोक्यात तेव्हापासून शिल्लक आहे. उरलेली पूड मी कॉलेजच्या फ्रीजरमध्ये जपली, दर दिवाळीच्या सुट्टीआधी फॉइल बदललं. यंदा ती भाचीच्या लग्नाला येणार कळलं, तशी मी संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत ओळख काढली. मायक्रोस्कोपची वेळ मिळाली, गुरुवार सकाळची. पेशी तिथले लोक देणार होते. दोन नावं लिहून दिली. तिचं परतीचं विमान मंगळवारचं होतं, पण "तिकीट पुढं ढकलते, त्यात काय," असं ती फोनवर म्हणाली होती.

आधी एकच खात्री हवी होती. इतक्या वर्षांत पूड आपोआप फुटली असेल, तर संभाजीनगरला जाऊन उपयोग नव्हता. म्हणून गोदाम. खिडकीला बारदान लावलं की तिथं भर दुपारी अंधार होतो, आणि भाईजानकडे नोटा तपासायची जांभळी बॅटरी आहे.

काचेच्या दोन वाट्या मांडल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पादेलोण विरघळवलेलं. पादेलोणाचा वास ज्या वायूचा, तोच आमचा वायू. कणभर पूड इथेनॉलमध्ये विरघळवून दोन्हींत तिनं स्वतः ड्रॉपरनं तिचे थेंब टाकले. हात प्रयोगशाळेत असायचा तसाच, कोपर अंगाशी घट्ट.

"आता?" भाईजान.

"आता थांबायचं. चहा होईपर्यंत," मी म्हणाले.

"मॅडम, गिऱ्हाईक बाहेर उभं हाय. माझ्या बॅटरीला काही होणार न्हाई ना?"

"बॅटरीला न्हाई हो भाईजान. तुम्ही जास्त वेळ धरली तर पाण्याला होईल. टाकायची अन् जल्दी बंद करायची, बराबर?"

चहा झाला. बारदान नीट ओढलं. भाईजाननी बॅटरी लावली, आणि सगळ्यात आधी चमकल्या त्यांच्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाह्या. धुण्याच्या पावडरीमुळे तसं होतं. पण भाभींनी संधी सोडली नाही, मला म्हणाल्या, "पाहा दीदी, तुमची मशीन बिलकुल बराबर हाय. यांच्यात भरपूर गॅस हाय, मी किती वर्षं सांगून राह्यले."

हसताना बॅटरी हलली आणि वाट्यांवर आली. पादेलोणाची वाटी निळी. दुसरी काळी, पूर्ण काळी.

"बंद करा, बंद करा!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. त्याच उजेडानं काळी वाटी बिघडली असती.

अंधारात तिनं माझं मनगट पकडलं. "जिंदा हाय गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं सांभाळलीस तू."

मी लगेच गुरुवारची आखणी सांगायला घेतली. कुठली गाडी, किती वाजता स्टेशनवर, डबा कोणी आणायचा. भाभी ग्लास गोळा करून आत गेल्या, भाईजान गिऱ्हाइकाकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, "तिकीट न्हाई बदललं मी."

"का?"

"शाळेत परीक्षा लागल्यात. रजा न्हाई दिली. कालच कळलं. तुला फोनवर कसं सांगू म्हणून..." मग, "तू जा ना. तू बघ."

"मी पाहिलंय आपा."

"मंग परत बघ. अन् फोटो न्हाई पाठवायचा, सांगून ठेवते."

मी बारदान काढलं. वाट्या विसळल्या, ड्रॉपर पुसून पिशवीत ठेवले. निघताना तिच्यासाठी आणलेले धपाटे प्रवासाला म्हणून बाहेर काढले. भाभींनी नवीन फॉइलचा रोल आणून दिला. तिनं हातभर फाडलं, आणि धपाटे त्यात ठेवण्याआधी दारापाशी गेली. दोन्ही हातांनी फॉइल ताणून बाहेरच्या उजेडासमोर धरलं, वरून खाली नीट पाहिलं.

"एक पण भोक न्हाई," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की हे नुसते धपाटे आहेत. आम्ही दोघी हसलो, पण फार नाही.

मंगळवारी ती गेली. गुरुवारी मी गेले नाही. सकाळी नेहमीच्या वेळेला कॉलेजात पोचले, दोन तास घेतले, उत्तरपत्रिका तपासल्या. मधे एकदा फ्रीजर उघडून बाटली बघितली. ती जागेवर होती, फॉइल धड होतं.

शुक्रवारी संभाजीनगरहून फोन आला. मॅडम, तुम्ही आला नाहीत. पुढची तारीख लिहू का, आणि नावं किती?

नावं दोन, असं मी लगेच सांगितलं. तारीख कळवायची राहिली आहे.