टेपवाले चाचा आणि दुसरी बाजू

मागितलेली टेप टेपवाले चाचांनी मला कधीच दिली नाही. शेलूबाजारच्या आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या मागे एक लोखंडी कपाट होतं. त्यात लोकांनी घरातून काढून टाकलेल्या कॅसेटी होत्या, आणि काही चाचांनी स्वतः खेडोपाडी फिरून आवाज भरून आणलेल्या. चाचा मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. दुकान मोडल्यावर रोज दुपारी या कपाटापाशी येऊन बसत. मी एखादं सिनेमातलं गाणं मागितलं की चष्म्यावरून बघत म्हणत, "हे तं तुमाले पाठ हाय, मॅडम. मंग आयकता कायले?" आणि भलतीच टेप हातात ठेवत. एकदा बँडवाल्यांची तालीम दिली, तिच्यात एकही गाणं पुरं होत नव्हतं. एकदा सनईवाल्याचा साथीदार, अर्धा तास नुसता एक सूर धरून बसलेला. पहिल्यांदा वैताग आला. चौथ्यांदा लावली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, का ते सांगता येणार नाही.

प्रत्येक डबीत त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी असे. 'पयले दहा मिनिटं कंटाळा येईन. उठू नका.' 'जेवताना लावू नये.' एकीत नुसतंच, 'भेव वाटलं तं बरोबर आयकलं.'

भ्यायला मला टेप लागत नाही. मी शाळेत शिकवते; तपासणी म्हटलं की आठवडाभर तेच हजेरीपट पुन्हा पुन्हा मोजत बसते. त्यामुळे चाचांनी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर भरलेली टेप पुढे केली, तेव्हा मी हात मागे घेतला. लेक सासरी निघताना बंजारा बायका रडत रडत म्हणतात तो ढावलो, एका म्हातारीच्या आवाजात. म्हातारी वारलेली, आणि टेपची दुसरी प्रत नाही.

"मले नको, चाचा. काही झालं तं?"

"कपाटात राहून बी बुरशीच लागते. न्या."

झालं ते असं. घरी मी टेप लावून कणीक मळत होते. दुसऱ्या बाजूला आवाज इतका आत शिरला की तेवढंच पुन्हा ऐकावंसं वाटलं. पिठाच्या हातानं, न बघता, मागे घ्यायचं बटण दाबलं, ते निघालं भरायचं, म्हणजे रेकॉर्डचं. गाणं थांबलं हे कळेपर्यंत म्हातारीच्या आवाजावर आमचं स्वयंपाकघर भरलं गेलं होतं. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन छोटे कान असतात, ते मोडले की वर काही भरता येत नाही. चाचा ते कधी मोडत नसत. म्हणत, "कान तोडले का टेप बहिरी होते."

मी टेप पुसून, डबीत घालून गुपचूप परत केली. आणि मग खरी भीती सुरू झाली, कारण परत आलेली टेप चाचा अथपासून इतिपर्यंत ऐकल्याशिवाय कपाटात ठेवत नसत. आठ दिवस मी वाचनालयाच्या रस्त्यानं गेले नाही. नवव्या दिवशी गेले तर म्हणाले, "कुठी होत्या, मॅडम?" आणि नवी टेप दिली. बस्स. ते एखादं वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. पुढे कित्येक वर्षं ते काही शोधायला चष्मा पुसू लागले की माझे तळहात ओले होत. त्या डबीला मी पुन्हा हात लावला नाही.

मुलाकडे अकोल्याला राहायला जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली.

"मले कायले? माझ्या हातून बिघडते, चाचा."

"तुमी भेता ना? मंग नीट ठेवसान."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी नुसती किल्ली उचलली. त्या हिवाळ्यात ते वारल्याचा फोन आला, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

परवा दुपारी एक मुलगी वाचनालयात आली. त्या म्हातारीची नात. "माह्या आजीचा आवाज हाय म्हणते इथं. आमच्याकडं नुसता फोटो हाय." टेप हरवली म्हणावं, असंही एकदा मनात आलं. पण हात गेलाच डबीकडे.

आत चिठ्ठी होती, तेच बारीक अक्षर. 'दुसऱ्या बाजूले अर्ध्यावर कुकर वाजते अन् एक माय वरडते. टेप खराब नाही. ते बी आयका.'

मी कॅसेट उलटी केली. दोन्ही कान मोडलेले होते. साऱ्या कपाटात तेवढ्या एकाच टेपचे.

आम्ही दोघींनी ती ऐकली. आजी गायली, नात तोंडावर ओढणी धरून ऐकत राहिली. मग अर्ध्यावर गाणं तुटलं, शिट्टी झाली, आणि चार वर्षांपूर्वी वारलेली माझी आई मोठ्यानं म्हणाली, "लक्ष कुठी हाय वं तुयं? तिसरी झाली ना, गॅस बंद कर!" आईचा आवाज माझ्याकडे दुसरीकडे कुठेही नाही.

"हे कोन हाय?" मुलीनं विचारलं.

"माझी आई. तुझ्या आजीचं गाणं माझ्या हातून पुसलं गेलं, बेटा."

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मग तिनं हात पुढे केला आणि विचारलं, "मागं घ्याचं बटन कोनतं?"

मी दाखवलं. या वेळी नीट बघून.