फुलीवर तुटलेली प्लेट

ती घटना आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वसई पूर्वेच्या पोलीस ठाण्यात मी प्रभारी होतो. एका दुपारी ठाणे अंमलदाराने सांगितले, बाहेर रिक्षात एक बाई बसली आहे, तिला पायऱ्या चढता येत नाहीत. मीच खाली गेलो. बाई किनाऱ्यावरच्या गावातली, मासे विकणारी. मोडलेल्या मांडीत बसवलेली स्टीलची प्लेट आतच तुटली होती. पुन्हा ऑपरेशन करून काढलेले दोन तुकडे तिने रुमालात बांधून आणले होते.

"प्लेटच्या कंपनीचा मानूस म्हनतो, मी पायावर वजन टाकलं. खाटेवरनं उतरलेच न्हाय, तर वजन टाकलं कुनी?"

मी तुकडे जुळवून पाहिले. तुटल्या जागी, पॉलिशखाली, पुसट फुली होती. अर्धी एका तुकड्यावर, अर्धी दुसऱ्यावर. भंगारचोरीच्या तपासात वालीवच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये मी ही फुली अनेकदा पाहिली होती. तपासणीत नापास झालेल्या मालावर ती छिन्नीने मारतात, म्हणजे तो चुकूनही विकला जात नाही.

त्या कंपनीचा माल वालीवच्याच एका गाळ्यात बनत होता. औषध निरीक्षकांना सोबत घेऊन छापा टाकला. पॉलिशच्या मशीनपाशी फुली मारलेल्या प्लेटा रचून ठेवल्या होत्या. पंचनामा करून माल जप्त केला. चौकशीत गाळेमालक "चुकून राहिल्या" एवढेच घोकत होता. शेवटी मी ते दोन तुकडे त्याच्यापुढे ठेवले.

"नेमकी फुलीवरच कशी तुटली?"

त्याचा चेहरा पडला. "छिन्नीचा घाव खोल जातो साहेब. घासून फुली जाते, घाव राहतो. मी कंपनीला बोललो होतो. ते म्हणाले, ऑर्डर अर्जंट आहे, चकाचक करून द्या."

कंपनीचा अधिकारी वकिलाला घेऊनच आला. खुर्चीत रेलून मला म्हणाला, "बॉडीमध्ये काहीही होऊ शकतं, सर. पेशंटने सही दिलेली असते."

"सही ऑपरेशनला दिली होती, भंगाराला नाही," मी सुनावले.

अशा विकल्या गेलेल्या बाकीच्या प्लेटा कोणाच्या पायात आहेत, हे सांगायला त्याने साफ नकार दिला. कंपनीचे नाव खराब होईल म्हणे! त्याला अटक केली, यथावकाश तो जामिनावर सुटला. मग आम्हीच रुग्णालयांना नोटिसा काढल्या आणि बंदोबस्त सांभाळून माझे लोक रुग्णांना फोन करत बसले.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांतल्या काहींची मान निदान कोर्टात तरी खाली गेली. आपण ज्याचे वाटोळे केले त्याचे तोंडही ज्याला कधी पाहावे लागत नाही, तो माणूस सर्वांत निर्ढावलेला असतो, हे मला या प्रकरणाने शिकवले.

विरारच्या एका निवृत्त शिक्षकांना मी स्वतः फोन लावला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"साहेब, मी उभा राहूनच बोलतोय," ते म्हणाले. "आता पाऊल टाकू की नको?"

हे उत्तर देणे कंपनीचे काम होते. मी म्हणालो, "गुरुजी, भिंतीला धरून तिथेच थांबा. मी गाडी पाठवतो."