पलंगावरची शाल

सेलूत स्टेशनकडून गावात येताना डाव्या हाताला विसावा लॉज होता, आणि सूर्यभान तिथला मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काउंटरवर बसणं, चाव्या देणं, पाण्याची मोटर चालू करणं आणि रोज सकाळी पलंग आवरणं. शेवटचं काम तो दार लोटून करायचा. मॅनेजरला चादर झटकताना कुणी पाहू नये, असं त्याला वाटे. अंगात कायम इस्त्रीचा सफारी आणि खिशाला दोन पेनं. त्यातलं एक चालायचं.

तो कामाला लागला तेव्हा लॉजमधल्या उश्या गावच्याच कापसाच्या होत्या. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरण्यांच्या गावात कापूस फुकट मिळतो असा बाहेरच्यांचा समज असतो, लॉजचे मालक दत्तराव गावचे असूनही त्यांचा तोच होता. त्यामुळं जिनिंगमध्ये कुणालाच नको असलेला कापूस विसावा लॉजच्या उशीत यायचा. झोपताना कानाला सरकी टोचायची. वापरून वापरून उशी इतकी घट्ट व्हायची की भिंतीला टेकवली तर भिंतीचा पोपडा पडावा. कापसाचे व्यापारी झोपण्याआधी ती बोटांनी दाबून पाहायचे आणि आतल्या मालाला नावं ठेवायचे. कुणी तक्रार केलीच तर सूर्यभान शांतपणे सांगायचा, की कडक उशीनं मान सरळ राहते, डॉक्टरच सांगतात. कोणता डॉक्टर, हे कुणी कधी विचारलं नाही.

मग फोमचे दिवस आले. दत्तराव परभणीहून टेम्पो भरून उश्या घेऊन आले. या उश्या भलत्याच उसळत्या होत्या. डोकं ठेवलं की त्या ते परत द्यायच्या. कूस बदलली की उशी पलंगाखाली. सोबत आलेल्या चादरींवर मोर होते, कमळं होती आणि एकीवर जबडा उघडलेला वाघ होता. वाघाच्या खोलीत उतरलेल्या एका वऱ्हाडातल्या म्हातारबुवांना वाघावर झोप येईना. सूर्यभाननं चादर उलटी करून अंथरली आणि वाघ गेल्याचं त्यांना कळवलं.

खरा बदल झाला तो दत्तरावांची धाकटी सून राजनंदिनी आल्यावर. तिनं पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलेलं. वर्षभरात विसावा लॉजचं हॉटेल विसावा ग्रँड झालं, खाली समारंभाचा हॉल निघाला आणि खोल्यांतले मोर, कमळं, वाघ जाऊन सगळं पांढरंशुभ्र आलं. त्या पांढऱ्यावर सेलूची धूळ, पाहुण्यांच्या केसांचा कलप आणि लग्नसराईतली हळद अशी काही खुलून दिसायची की पूर्वीच्या वाघाला त्याची सर नव्हती.

प्रत्येक पलंगावर आता चार उश्या. दोन माणसांना चार कशाला, असं सूर्यभाननं विचारलं.

"काका, मागच्या दोन झोपायच्या," राजनंदिनी म्हणाली. "पुढच्या दोन बघायच्या."

बघायच्या उश्या पाहुणे झोपताना खुर्चीवर रचून ठेवू लागले. झोपायच्या उश्यांत डोकं असं बुडायचं की दोन्ही कान मिटायचे. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं मग आपला टॉवेल गुंडाळून डोक्याखाली घ्यायची आणि चारही उश्या खुर्चीवर आराम करायच्या. सूर्यभाननं एकदा एक उशी उसवून पाहिली, तर आत कापसाचं बोंडसुद्धा नव्हतं, नुसता प्लास्टिकचा धागा. मागल्या अंगाला जिनिंगची धडधड चालू असताना आपण बाहेरून धागा मागवायलोय, हे त्यानं दत्तरावांच्या कानावर घातलं. दत्तरावांना उलट अभिमान वाटला. त्यांनी ही गोष्ट गावात चार ठिकाणी सांगितली.

पण सूर्यभानला सगळ्यात जास्त कोडं पडलं ते पलंगाच्या पायथ्याशी आडव्या टाकायच्या पट्टीचं. मरून रंगाची मखमल, दोन्ही टोकांना सोनेरी जर. राजनंदिनी तिला रनर म्हणायची. पाहुणे बूट घालूनच पलंगावर पाय ठेवतात, तेव्हा चादर खराब होऊ नये म्हणून ती असते, असं तिनं सांगितलं. आपल्याकडं लोक चपला दाराबाहेरच काढतात, हे सूर्यभाननं तिला सांगून पाहिलं. तरी रनर आले. एका पाहुण्यानं त्या पट्टीवर देवाचा फोटो मांडून पूजा केली आणि दुसऱ्यानं ती गार पडलेल्या पायांभोवती गुंडाळली. खरं तर ती पांघरायला अपुरी, पुसायला भारी आणि अंथरायला अरुंद होती.

अशात वालूरकडच्या एका सोसायटीचे नवे चेअरमन आबासाहेब यांचा सत्कार खालच्या हॉलमध्ये ठरला. हॉल भरला, हार आले, नारळ आला, आबासाहेब स्टेजवर येऊन बसले आणि मग कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं की शाल आणायची जबाबदारी प्रत्येकानं दुसऱ्यावर टाकली होती. निवेदक आबासाहेबांच्या दूरदृष्टीवर बोलत वेळ काढू लागला. कार्यकर्ते काउंटरवर येऊन सूर्यभानच्या पाया पडायचे बाकी राहिले. सूर्यभान वर गेला, एका रिकाम्या खोलीतला धुऊन इस्त्री केलेला रनर काढला, त्याची शालीसारखी घडी घातली आणि स्वतः ताटात घेऊन स्टेजवर गेला.

शाल आबासाहेबांच्या खांद्यावर पडली आणि मागच्या रांगा उठून बघू लागल्या. असली शाल कुणी पाहिलीच नव्हती. एक टोक डाव्या गुडघ्याखाली, दुसरं उजव्या, आणि दोन्हीकडं जर झळकायलेली. नेहमीच्या शालीत आबासाहेब गारठलेल्या माणसासारखे दिसत. यात ते संस्थानिक दिसू लागले. टाळ्या थांबेनात. संध्याकाळपर्यंत फोटो तालुकाभर फिरला.

तो राजनंदिनीच्याही फोनवर आला. तिनं कपडा ओळखला. सूर्यभानला बोलावून तिनं सकाळच्या गाडीनं वालूरला जाऊन रनर परत आणायला सांगितलं. सूर्यभानला नोकरी जाते की काय याची भीती वाटलीच, पण त्याहून जास्त भीती आबासाहेबांना खरं सांगायची वाटली.

वालूरला आबासाहेब ओसरीत तीच शाल पांघरून बसले होते. उन्हानं घाम फुटला होता, तरी काढली नव्हती, कारण भेटायला लोक यायचे थांबत नव्हते. त्यांची आई नर्मदाबाई प्रत्येकाला मखमलीवरून हात फिरवून बघायला लावत होती. सूर्यभानला पहिल्या खुर्चीत बसवलं, चहा दिला. परत मागायची कशी, या विचारात त्याचा चहा गार झाला.

मग आबासाहेबांनीच विचारलं, "मॅनेजर, या शालीला काय म्हनतेत?"

"रनर म्हनतेत, साहेब," सूर्यभान म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

"रनर. म्हंजी पळनारा." आबासाहेबांनी जरा विचार केला. "पुढं पळनारा. लय चांगलं नाव हाय."

त्यांनी तिथल्या तिथं सोसायटीच्या सगळ्या संचालकांसाठी असेच रनर सांगितले, आणि सत्कार विसावातच करायचा म्हणून हॉलही ठरवला.

सूर्यभान रिकाम्या हातानं परत आला आणि घाबरत घाबरत निरोप दिला. राजनंदिनीनं संचालक किती आहेत तेवढं विचारलं. मग तिनं फोन उचलला आणि रनरचा अख्खा गठ्ठा मागवला. पुढच्या महिन्यात हॉलच्या बोर्डावर सत्कार पॅकेज आलं: जेवण, माईक आणि रॉयल शाल. लग्नाचे व्याही, निवृत्त होणारे गुरुजी, पक्ष बदललेले पुढारी, सगळ्यांच्या खांद्यावर पलंगाचा पायथा चढला. मागणी एवढी की खोल्यांतलेही रनर खाली गेले. वरच्या पाहुण्यांपैकी एकानंही ते कुठं गेले म्हणून विचारलं नाही.

चारठाण्याकडं बदलून आलेले धम्मानंद नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी दिल्लीपर्यंतची हॉटेलं पाहिलेली. त्यांचा सत्कार झाला तेव्हा शाल अंगावर पडताच त्यांनी जर निरखून पाहिली. कार्यक्रम संपल्यावर ते एकटेच काउंटरवर आले आणि हळूच म्हणाले, "मॅनेजर, हे पलंगावरचं आहे ना?"

सूर्यभाननं मान डोलावली. "पन कोरं हाय साहेब. अजून त्याच्यावर कुनी पाय ठेवला न्हाई."

धम्मानंदांनी भिंतीवर लावलेले सत्कारांचे फोटो पाहिले. तालुक्यातली झाडून सगळी मोठी माणसं तीच पट्टी पांघरून ओळीनं हसत होती. त्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली आणि आपलाही फोटो लवकर लावा असं सांगून ते गाडीत बसले.

सूर्यभानला आता सत्काराच्या दिवशी स्टेजवर खुर्ची असते. शाल कशी टाकायची, दोन्ही टोकं कशी सारखी सोडायची, हे तोच दाखवतो, आणि निवेदक त्याचं नाव घेतो. इतकी वर्षं अंथरूण घालून जे नाव कुणी घेतलं नव्हतं ते माईकवर ऐकताना तो खाली बघतो, पण ऐकतो नीट. घरी सुलाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्यानं विचारलं की असा एक रनर आपल्यालाही आणू का. ती म्हणाली, ते काय करायचं, त्यापेक्षा धड उशी आण, माझी मान दुखायलीय. सूर्यभाननं दुसऱ्या दिवशी बाजारातून कापूस आणला आणि दोघांनी ओसरीत बसून सरकी वेचली.