सखुबाईची वहिवाट

सखुबाईच्या शेतात परक्या माणसाने सलग दोन हंगाम विळा धरलेला कोणी पाहिला नाही. ताप असो की घरात लग्न असो, मदतीला येणाऱ्याने दिवसाचा रोज घ्यायचा आणि संध्याकाळी आपल्या घरी जायचं. भीती एकच, कूळ लागेल. कसणाऱ्याचं नाव एकदा कागदावर चढलं की मालक बसतो बोंबलत, हे तिने गावातल्या दोन घरांत पाहिलं होतं. शहाडच्या अलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला तिचं गाव. आता तिथे टॉवर झालेत, त्यातला एक तिच्याच जमिनीवर आहे. पण नदीकडची एक पट्टी तिने बिल्डरला दिली नाही ती नाहीच. भात निघालं की त्यात वाल पेरायचा, आणि तोही स्वतःच्या हाताने.

तशी तिची जमीन एकदा जाता जाता राहिली होती. नवरा तरणाताठा गेला, लेक नयन तेव्हा लहान, आणि बारावं-तेरावं होतंय न होतंय तोच भाऊबंदांनी दावा लावला. ही बाई कुठे कसते, म्हणे! कल्याणच्या कचेरीत तिच्या बाजूने एकच माणूस उभा राहिला, धाकटा दीर रघु. चुलत्यांच्या तोंडावर तो म्हणाला, "पेरनीला वयनी, कापनीला वयनी. मी सोता बघितलंय." त्या साक्षीने जमीन राहिली. चुलते मात्र रघुशी जन्मभर बोलले नाहीत, आणि त्यानेही कधी त्याचं भांडवल केलं नाही.

नयन शिकून मेलबर्नला गेला, तिथे स्थिरावला आणि आईलाही कायमच्या व्हिसावर घेऊन गेला. 'परमनंट' हा शब्द सखुबाईला फार आवडला. सातबाऱ्यावर नाव लागलं की लागलं, तसंच हे, असं तिने धरून टाकलं. ती तिथे रमली, मधूनमधून गावी येत राहिली. मग रघुला अर्धांगवायू झाला. त्याला ना बायको ना पोर. सखुबाई धावत आली आणि राहिली. वर्ष उलटलं तरी राहिली. नयन फोनवर सांगायचा, "आई, पाच वर्षं संपत आली. तुझी ये-जा करायची मुदत जाईल." ती म्हणायची, "परमनंट कवा संपतंय का? आनि याला टाकून येऊ?" तिच्याच हातून शेवटचं पाणी घेऊन रघु गेला. तोवर मुदतही गेली होती.

एरवी तिने मनावर घेतलं नसतं. पण तिकडे सून कल्पिताला दिवस गेले होते. पहिलं मूल पोटातच गेलेलं, आई लहानपणी वारलेली. ती फोनवर रडायचीसुद्धा नाही, नुसतं विचारायची, "आई, तुम्ही याल ना?" त्या विचारण्याने सखुबाईचं काळीज तुटायचं.

ठाण्यात कोर्टाजवळ क्षिप्रा नावाची तरुण सल्लागार व्हिसाची कामं करायची. सखुबाई एकटीच तिच्यासमोर जाऊन बसली. क्षिप्राने नीट समजावलं, "मावशी, तुमचं तिथलं राहणं कायमचंच आहे, पण बाहेरून परत आत जायची मुभा पाच वर्षांचीच असते. संपली की परतीचा व्हिसा काढायचा. पाचातली दोन वर्षं तुम्ही तिथे राहिला असतात तर सोपं होतं, तुमचे काही महिने कमी पडतात. आता दाखवायला हवं की तुमचं तिथे घट्ट नातं आहे, आणि तुमच्या असण्याचा तिथल्या लोकांना उपयोग आहे."

सखुबाई मांडीवर थाप मारून म्हणाली, "मंग असं सांग ना गो पोरी! वहिवाट दाखवायची. शेजारी बोलवा, त्यांना इचारा."

क्षिप्रा हसली. "अगदी बरोबर. शेजाऱ्यांकडून लिहून घ्या."

अडला तो नयन. "आई, इथे असं लोकांच्या दारात जाऊन मागत नाहीत गं. बरं नाही दिसत."

"तुना लाज वाटते तं फोन धर. मी बोलते."

झालं! पुढच्या रविवारी नयन फोन हातात धरून आपल्याच गल्लीत दारोदार फिरला आणि पडद्यातून सखुबाई ठणठणीत मराठीत बोलत राहिली. नयनला भाषांतर करायलाही फारसं लागलं नाही. तिला पाहून लोक दारातच ओरडत होते. कोणाच्या बाळाला तिने तेल लावलेलं, कोणाला भेंडी नेऊन दिलेली. शेवटचं दार मारियाचं. ही ऐंशीची इटालियन विधवा. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नसे, तरी दुपारी व्हरांड्यात शेजारी बसून शेंगा सोलायच्या. एकदा सकाळी मारियाचा पडदा उघडला नाही म्हणून सखुबाई भिंत ओलांडून गेली आणि न्हाणीघरात पडलेल्या मारियाला तिने वाचवलं. मारियाने कागदावर सही केली आणि नयनला म्हणाली, "तिची खुर्ची मी कोणाला देत नाही. कधी येते ते सांग."

नयनने हे आईला मराठीत सांगितलं. ती पदराने डोळे पुसून नदीकडच्या पट्टीवर चक्कर मारून आली. कचेरीत उभा राहिलेला रघु तिला आठवला होता.

व्हिसा आला, एका वर्षाचा. क्षिप्राचा स्वर ओशाळला, पण सखुबाई म्हणाली, "हंगाम गावतो ना? बास."

ती पोहोचली तेव्हा कल्पिताला नववा चालू होता. पोर दारातच गळ्यात पडली आणि इतके महिने अडवलेलं रडून मोकळी झाली. तिला निजवून सखुबाई परसात गेली आणि जागीच थबकली. गावी जाण्याआधी आपण इथे लावलेला वाल एव्हाना वाळून गेला असेल, असं ती धरून चालली होती. पण कुंपणभर हिरवा वेल होता आणि खाली मारिया शेंगा तोडत होती. नयन म्हणाला, "ती दर वर्षी बी राखून परत पेरते. दोन हंगाम झाले. मला हातसुद्धा लावू देत नाही."

"दोन हंगाम?" सखुबाईचा आवाज चढला. "अरे, कूळ लागलं की माझ्या परसाला!"

"सांगू तिला, आता राहू दे म्हणून?"

"खबरदार!" सखुबाईने पदर खोचला आणि ती मारियाच्या शेजारी बसली. "लागू दे. या कुळाच्या साक्षीवरच तं मी परत आले."